इंधन टंचाईत कामावर कसे जायचे? श्रीलंकेचा २०२२ चा अनुभव आणि आपली तयारी

पेट्रोल-डिझेलची टंचाई आली की चर्चा गाडीवाल्यांच्या गैरसोयीची होते. खरा फटका बसतो तो बसने जाणाऱ्या कामगाराला, रिक्षाचालकाला आणि रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला. कामावर पोहोचता आले नाही की त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. भारत आपल्या गरजेचे बहुतेक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. कामावर जाण्याचे पर्याय कोणते आणि ते कोणाच्या उपयोगाचे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

श्रीलंकेत काय घडले?

परकीय चलन संपल्यामुळे २०२२ मध्ये श्रीलंकेला तेल विकत घेणे कठीण झाले. १२ एप्रिलला सरकारने विदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. पंपांवर लोक दिवसच्या दिवस रांगेत उभे राहिले. जूनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवारची जादा सुट्टी देण्यात आली, अनेकांना घरून काम करण्यास सांगितले गेले. जूनच्या अखेरीस तर अत्यावश्यक सेवा वगळता इतरांना इंधन विक्रीच बंद झाली.

जुलैमध्ये क्यूआर कोडवर आधारित साप्ताहिक कोटा आला. सुरुवातीला दुचाकीला ४ लिटर, तीनचाकीला ५ लिटर आणि मोटारीला २० लिटर असे प्रमाण होते. आता हिशेब करून पाहू. दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर धावते असे धरले, तर ४ लिटरमध्ये १८० किलोमीटर होतात. म्हणजे रोज १५ किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे, असे सहा दिवस निभावतात. तीनचाकी लिटरला २५ किलोमीटर धरली तर ५ लिटरमध्ये १२५ किलोमीटर. ज्याचे पोटच रिक्षावर आहे त्याला हे आठवडाभर कसे पुरणार? कोटा ठरवताना गाडी कशासाठी वापरली जाते, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पर्याय कोणते?

१. पायी : ३ किलोमीटरपर्यंतचे अंतर ३५ ते ४० मिनिटांत होते. पहाटे किंवा रात्री कामावरून सुटणाऱ्या महिलांनी एकट्याने न जाता गटाने निघावे.

२. सायकल : ५ ते ७ किलोमीटरसाठी सर्वांत उपयोगी, साधारण अर्धा तास लागतो. मात्र टंचाई सुरू झाल्यावर सायकली महागतात, श्रीलंकेत तसेच झाले. घरात पडून असलेली सायकल आजच दुरुस्त करून घ्यावी.

३. एकत्र प्रवास : एका दिशेने जाणारे चौघे एका गाडीत बसले तर तीन गाड्यांचे इंधन वाचते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाला स्वस्त तेल मिळेनासे झाले. तिथे पिवळ्या गणवेशातील कर्मचारी सरकारी वाहने थांबवून रस्त्यावरच्या प्रवाशांना त्यात बसवून देत. चीनमधून १० लाखांहून अधिक सायकलीही आणल्या गेल्या. आपल्याकडे खाजगी गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेण्यास परवाना लागतो, हे लक्षात ठेवावे.

४. रेल्वे आणि बस : मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेवरची लोकल धावली. आज उपनगरी लोकल विजेवरच चालते, म्हणून डिझेल नसले तरी ती लगेच थांबत नाही. श्रीलंकेची रेल्वे डिझेलवर आहे. आपल्या एसटीच्या बहुतेक गाड्याही डिझेलवरच आहेत. त्यामुळे टंचाईत ग्रामीण भागाला जास्त झळ बसेल. महिलांना एसटी भाड्यात मार्च २०२३ पासून ५० टक्के सवलत आहे, पण गाडीच सुटली नाही तर सवलतीचा उपयोग काय?

५. घरून काम : संगणकावर काम करणाऱ्यांना हे जमते. सफाई कामगार, परिचारिका, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या महिला यांना नाही. ज्यांना घरून काम करता येते त्यांनी ते केले, तर बस-लोकलमधील जागा आणि इंधन इतरांच्या वाट्याला येते.

कार्यकर्त्यांनी आधी काय करावे?

वस्तीत कोण कुठे, किती वाजता कामाला जातो याची साधी यादी करावी. एका मार्गावरचे लोक एकमेकांना माहीत झाले की एकत्र प्रवास आपोआप जुळतो. यादी वस्तीबाहेर जाऊ देऊ नये. सायकल दुरुस्त करता येणारी दोन-चार मुले तयार करावीत. कंत्राटी कामगारांच्या संघटनेने मालकाकडे आधीच लेखी मागणी करावी : टंचाईच्या काळात उशीर झाल्यास पगार कापू नये, पाळीच्या वेळा बसच्या वेळेशी जुळवाव्यात, जमल्यास कामगारांसाठी गाडी ठेवावी.

प्रशासनाकडे मागणी एकच असावी. इंधन कमी पडेल तेव्हा ते आधी रुग्णवाहिका, एसटी आणि शहर बसला, नंतर रिक्षाला आणि शेवटी खाजगी मोटारीला मिळावे. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे कामावर जातात, मोटारीत बहुधा एक-दोन. हे निवेदन टंचाई येण्याआधीच तहसीलदार आणि आगारप्रमुखांकडे देऊन त्याची पोच घेऊन ठेवावी.