'अ' जीवनसत्त्व आणि स्तनाचा कर्करोग : एका आशेचा इतिहास



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत रात्री झाले. तरी या विषयावर बोलतो, याला कारण आहे. आमच्या एका सभासदाच्या पत्नीने स्तनातील गाठ वर्षभर कोणाला दाखविली नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र नेमाने घेतल्या. त्या बाई गेल्या. गोळ्यांवरचा हा विश्वास आला कोठून, ते शोधीत आम्ही या इतिहासापाशी पोहोचलो.

१९१३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांना लोण्यात असे द्रव्य आढळले, की ज्यावाचून उंदरांची वाढ खुंटते. तेच 'अ' जीवनसत्त्व. १९२५ मध्ये वोल्बाक व हाऊ यांनी दाखविले की, ते न मिळाल्यास श्वासनलिकेचे मऊ अस्तर कातडीसारखे निबर होते. म्हणजे पेशी नेमून दिलेले काम विसरते. कर्करोगातही पेशी काम सोडून नुसती वाढत सुटते. तेव्हा जीवनसत्त्व वाढवा, रोग टळेल, अशी आशा उपजली.

पण जीवनसत्त्वाचा हुकूम पेशीत ऐकतो कोण? याचे उत्तर १९८७ मध्ये मिळाले. स्ट्रासबर्गला शाम्बाँ आणि कॅलिफोर्नियात इव्हान्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ग्राही प्रथिन शोधले. जीवनसत्त्वापासून झालेले रेटिनॉइक आम्ल त्याला चिकटते आणि ते जनुकांना चालू-बंद करते. गिरणीच्या भाषेत, हुकूम मॅनेजरचा. साचे चालविणारा जॉबर म्हणजे हा ग्राही. त्याचे अल्फा, बीटा व गॅमा असे तीन प्रकार.

स्तनाच्या कित्येक गाठींत बीटा ग्राही कमी झालेला किंवा नाहीसाच झालेला आढळला. पुष्कळदा त्याचे जनुक मोडलेले नसते. त्यावर रासायनिक खुणा चढून ते गप्प झालेले असते. खोली शाबूत, दाराला मात्र सील! मग हुकूम कितीही पाठवा, घेणाराच जाग्यावर नाही.

याच सुमारास, १९८७ मध्येच, मिलानला व्हेरोनेसी यांनी मोठी परीक्षा मांडली. सुरुवातीच्या अवस्थेतील रोगावर शस्त्रक्रिया झालेल्या २,९७२ स्त्रिया तिच्यात होत्या. एका गटाला जीवनसत्त्वाचा कृत्रिम भाऊबंद फेनरेटिनाइड पाच वर्षे दिला, दुसऱ्याला नाही. रात्रीची दृष्टी मंदावू नये म्हणून औषधाला महिन्यातून तीन दिवस सुटी असे! १९९९ मध्ये निकाल आला. दुसऱ्या स्तनातील कर्करोगाच्या बाबतीत एकंदरीत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना फायदा झाला असावा, एवढेच दिसले.

मग विज्ञान हरले काय? नाही. १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी रेटिनॉइक आम्लाने रक्ताच्या एका कर्करोगात रोगी सुधारल्याचे जाहीर केले. तिथे अल्फा ग्राही दुसऱ्या प्रथिनाशी जोडला जाऊन बिघडलेला असतो, पण तो हजर असतो. मोठ्या मात्रेचा हुकूम त्याला ऐकू जातो. ज्याचा बिघाड वेगळा, त्याचा उपाय वेगळा.

म्हणून आमचे सांगणे दोनच गोष्टींचे. भगिनींनो, गोळ्यांच्या भरवशावर गाठ झाकून ठेवू नका. दिसताच डॉक्टरांना दाखवा. आणि कामगारबंधूंनो, तपासणीच्या दिवसाचा खाडा पडेल या भीतीने कोणी बाई घरी बसत असेल, तर त्या दिवसाची भरपगारी रजा ही आपली मागणी असली पाहिजे. ती आपण पुढच्या मागणीपत्रात पहिल्या कलमात घालू.