एअरबॅगचा दिवा विझत नाही? स्टिअरिंग खोलण्याआधी हे वाचा

आदिलाबाद : हैदराबाद-नागपूर महामार्गावर (क्र. ४४) धावणाऱ्या बहुतेक नव्या कारमध्ये आता किमान दोन एअरबॅग असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची सक्ती एप्रिल २०२१ मध्ये नव्या मॉडेलपासून सुरू झाली, जुन्या मॉडेलना त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्या गाड्या आता वॉरंटीबाहेर जाऊन आदिलाबाद, पांढरकवडा, किनवट, वणी इथल्या साध्या गॅरेजात येऊ लागल्या आहेत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब, म्हणून काम ओळखीच्या मेस्त्रीकडे जातं. त्यात गैर काही नाही. पण एअरबॅग म्हणजे हॉर्न किंवा वायपर नव्हे, तो छोटा स्फोटक पदार्थ आहे एवढं दोघांनाही माहीत हवं.

समोरून जोराची धडक बसली की सेन्सर कंट्रोल युनिटला खबर देतो, तिथून इन्फ्लेटरला करंट जातो, आतलं रसायन पेटतं आणि गॅस होऊन पिशवी फुगते. सगळं साधारण ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याआधी. पिशवी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. पट्टा लावून नीट बसलेल्याला हाच वेग वाचवतो आणि स्टिअरिंगवर वाकून वायर शोधणाऱ्याचा जबडा फोडतो.

काम करताना

एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात. पिवळं दिसलं की हात थांबवायचा. आधी इग्निशन बंद, चावी बाहेर, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. तार काढली म्हणजे झालं, असं नाही. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये थोडा करंट साठवलेला असतो. तो उतरायला वेळ लागतो. काही कंपन्या ९० सेकंद सांगतात, काही तीन मिनिटं, काही त्याहून जास्त. त्या मॉडेलची पुस्तिका हाताशी नसेल तर चांगली दहा मिनिटं थांबावं; तेवढ्यात चहा होतो.

मल्टीमीटर लावून एअरबॅग तपासणं ही सगळ्यात धोक्याची सवय. मीटरचा बारीक करंटसुद्धा इन्फ्लेटर पेटवू शकतो. टेस्ट लॅम्पचं तर नावच नको. दोष शोधायचा तो स्कॅनरने, कोड वाचून. काढलेली एअरबॅग हातात धरताना कव्हरची बाजू अंगापासून दूर असावी. टेबलावर ठेवताना मात्र कव्हर वर हवं. पालथी ठेवली आणि उडाली, तर अख्खा धातूचा भाग छताकडे सुटतो. वरती काही ठेवू नये, उन्हात किंवा वेल्डिंगजवळ ठेवू नये. आदिलाबादच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीतही ठेवू नये. डेंटिंगचं वेल्डिंग करण्याआधीही बॅटरीची तार काढायचीच.

हॉर्न वाजत नाही आणि त्याच वेळी एअरबॅगचा दिवा लागला, तर बहुतेक वेळा स्टिअरिंगमागची गुंडाळलेली केबल तुटलेली असते. मेस्त्री तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती बदलताना चाकं सरळ हवीत आणि केबल मध्यावर, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणावर नवीही तुटते. सीट धुवायला काढली आणि खालचा पिवळा कनेक्टर परत लावला नाही, हेही दिवा पेटण्याचं नेहमीचं कारण. आणि पुरात पाणी शिरलेली गाडी असेल तर कंट्रोल युनिट बहुधा गिअरजवळ, खालीच असतं. गाडी वाळली, चालू झाली म्हणून तेही ठीक आहे असं धरू नये.

जुनी गाडी घेताना

हैदराबाद-नागपूरहून स्वस्तात आलेली गाडी पाहताना चावी फिरवून डॅशबोर्डकडे बघा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझतच नसेल तर दोष आहे. मुळात लागतच नसेल तर जास्त वाईट, कारण अपघातात उडालेली एअरबॅग न बदलता दिवाच बंद करून विकणारे आहेत. काही जण एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून सिस्टिमला फसवतात. तेव्हा दिवाही बरोबर वागतो, फक्त पिशवी नसते. म्हणून अपघाताची शंका असेल तर स्कॅनर लावूनच व्यवहार करावा. बाजारातल्या स्वस्त एअरबॅगवरही विसंबू नये. जून २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाच्या नऊशेहून अधिक बनावट एअरबॅग पकडल्या होत्या.

अस्सल मालातही दोष निघतो. जपानच्या टाकाटा कंपनीचे इन्फ्लेटर उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब होत आणि फुटताना धातूचे तुकडे उडवत. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही अनेक जुन्या गाड्यांचं रिकॉल निघालं. चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर हे तपासता येतं आणि बदल फुकट असतो. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की पत्र जुन्याच पत्त्यावर जातं, तेव्हा टीजी असो की एमएच, स्वतःच बघावं.

घरच्यांसाठी

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या गाडीचा मागचा भाग एका कारच्या बॉनेटवर आदळला. एअरबॅग उघडली आणि पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. लेकरांची जागा मागे, तीही पट्ट्यासह. मांडीवर घेऊन पुढे बसणं म्हणजे पिशवी आणि आपल्यामध्ये लेकरू ठेवणं. चालकाची छाती स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटीमीटर दूर हवी. शेजारच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती किंवा मोबाइल स्टँड पिशवीबरोबर तोंडावर येतो. देव डॅशबोर्डवर हवाच असेल तर झाकण सोडून बाजूला बसवावा. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर जाड सीट कव्हर तिची वाट अडवतं.

उडालेली पिशवी दुरुस्त होत नाही, नवीच लागते. बहुधा ताणलेले सीट बेल्ट आणि कंट्रोल युनिटही. तिची पावडर त्वचेला, डोळ्यांना झोंबते, म्हणून हातमोजे घालून काढावी. न उडालेली एअरबॅग मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर टाकू नये. गॅस कटर लागला की ती तिथे फुटते. ती निकामी करण्याचं काम अधिकृत वर्कशॉपचं आहे.