टोपीच्या खोक्याचा केक

दिवाळी आली की घराघरांत एक संवाद ठरलेला असतो. "काका, एक लाडू घ्या ना, सण आहे!" आणि लगेच आतून काकू, "अजिबात नको, त्यांना शुगर आहे!" आजची गोष्ट याच ओढाताणीची. फक्त शंभर वर्षांपूर्वीची आणि अमेरिकेतली.

मुलीचं नाव एलिझाबेथ ह्यूज. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. १९१९ साली, वयाच्या ११व्या वर्षी तिला मधुमेह झाल्याचं कळलं. आपण आज ज्याला टाइप वन म्हणतो, तो. त्या काळी अशी मुलं बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत दगावायची.

हातात उपाय एकच होता, डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा उपासमारीचा आहार. तर्क सरळ होता: शरीराला साखर वापरता येत नाही ना, मग अन्नच कमी द्या. लघवीत साखर दिसली की ताट आणखी रिकामं. भाज्यासुद्धा तीन-तीनदा उकळून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातली उरलीसुरली साखर जाईल. एलिझाबेथच्या वाढदिवसाला केक कसला? टोपीच्या खोक्याला गुलाबी-पांढरा कागद लावायचा आणि वर मेणबत्त्या. फुंकर मारायची, खायचं काहीच नाही.

पण या उपाशी दिवसांनी तिला वेळ मिळवून दिला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांचे इन्सुलिनचे प्रयोग सुरू झाले. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन मिळालं. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ बँटिंगकडे पोहोचली तेव्हा १५ वर्षांच्या उंबरठ्यावरच्या या मुलीचं वजन होतं जेमतेम २० किलो! काही आठवड्यांतच ती पोटभर जेवू लागली. पुढे तिनं लग्न केलं, तिला मुलं झाली, आणि १९८१ साली ७३व्या वर्षी ती गेली. तोवर तिनं सुमारे ४२ हजार इंजेक्शनं घेतली होती.

आता आपल्या ताटाकडे या. काकांचा मधुमेह बहुधा टाइप टू, म्हणजे वेगळा. पण इन्सुलिननं बदललेली एक गोष्ट दोघांनाही लागू आहे: प्रश्न "खायचं की नाही" इथून "किती आणि कशासोबत" इथे आला.

म्हणून लाडू हवाच असेल तर अर्धा, आणि त्या जेवणात भात किंवा पोळी तेवढी कमी. आधी कोशिंबीर, उसळ, मग बाकीचं. जेवल्यावर लगेच आडवं न होता १०-१५ मिनिटं चालणं. दोन तासांनी मीटरवर साखर बघितली की आपल्याला काय झेपतं ते कळतं. आणि "संध्याकाळी फराळ आहे" म्हणून दुपारचं जेवण टाळणं धोक्याचं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. डोस बदलायचा तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि आपण घरातल्यांनी काय करायचं? आग्रह नको, पहाराही नको. ताटाभोवती सगळ्यांसोबत बसता येणं, हाच तर सण. एलिझाबेथला त्यासाठी तीन वर्षं थांबावं लागलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर हा भाग घरातल्या काका-काकूंना नक्की ऐकवा!