भोंगा, तेलपेटी आणि बाबा

शाळेच्या घंटेआधी आपल्याला उठवायचा तो कारखान्याचा भोंगा. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. माझे बाबा फिटर. शाळेच्या फॉर्मवर मात्र मी 'रेल्वेत नोकरी' एवढंच लिहायची. फिटर लिहायची लाज वाटायची, हे आज कबूल करते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने बार्शी लाइटची अडीच फुटी लाईन उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालत. लाईन १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. १९५४ मध्ये सरकारने ती घेतली.

पण गाडी रोज धड चालायची ती कशामुळे? जुन्या डब्यांच्या आसाच्या टोकाला तेलपेटी असायची, आत तेलात भिजवलेलं सुती वेस्ट. ते सुकलं की बेअरिंग तापून धूर निघायचा. कारखान्यात जाण्याआधी बाबा स्टेशनात गाड्या तपासत. गाडी थांबली की प्रत्येक पेटीला पालथा हात लावत जायचे, चाकावर हातोडी मारून कान द्यायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तडा असण्याचा संशय. मी आज सर्व्हरचे लॉग वाचते. बाबांना तेवढीसुद्धा सोय नव्हती.

एका आषाढीला पंढरपूरची गाडी खचाखच भरली होती आणि बाबांनी एक डबा 'सिक' केला. म्हणजे तो काढायचा, माणसं उतरवायची. वारकरी चिडले, कुणी कुणी नको ते बोललं. मी मैत्रिणीबरोबर तिथेच उभी होते. तिने विचारलं, "हे कोण गं?" मी म्हटलं, "काय माहीत."

२००८ मध्ये लातूरची लाईन ब्रॉडगेज झाली. तोवर बाबा निवृत्त झाले होते. त्यांची लांब दांड्याची हातोडी अजून माळ्यावर आहे. या लेखासाठी त्यांना तेलपेटीचं विचारत होते, तेव्हा धीर करून त्या आषाढीचंही सांगितलं.

बाबा म्हणाले, "दिसली होतीस की. लाल फ्रॉक होता." आणि पुन्हा वेस्ट कसं भरायचं ते सांगू लागले.