निळे स्मृतिफलक, लंडन
लंडनमधील नामवंतांच्या वास्तव्याची घरे ओळखता यावीत म्हणून दर्शनी भिंतीवर बसविलेले गोल फलक. ही कल्पना विल्यम युअर्ट यांनी 1863 मध्ये ब्रिटिश संसदेत मांडली आणि 1866 मध्ये ‘सोसायटी ऑफ आर्ट्‌स’ या संस्थेने ती हाती घेतली. कवी बायरनच्या जन्मस्थळी 1867 मध्ये लावलेला पहिला फलक ते घर 1889 मध्ये पाडल्यामुळे नाहीसा झाला. 1867 मध्येच लागलेला, सेंट जेम्स भागातील तिसऱ्या नेपोलियनचा फलक मात्र अद्याप टिकून आहे, आणि सम्राट हयात असतानाच तो लागला, हे आजच्या नियमाला सोडून आहे. व्यक्तीच्या मृत्यूला 20 वर्षे झालेली असावीत आणि तिचे मूळ घर उभे असावे, असा आता दंडक आहे. ‘निळे’ हे नावही काहीसे फसवेच, कारण संस्थेचे बरेचसे फलक खर्च वाचविण्यासाठी तपकिरी घडविलेले होते. संस्थेने 35 वर्षांत 35 फलक लावले; 1901 मध्ये हे काम लंडन काउंटी कौन्सिलकडे, 1965 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलकडे व 1986 मध्ये ‘इंग्लिश हेरिटेज’कडे गेले. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी विलायतेस गेलेले लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये मेडा व्हेल भागातील 10, हाउली प्लेस येथे राहत असत. त्या घरावरही 1961 मध्ये असा फलक बसविण्यात आला.