सनदेची सीमा : वरोरा परिसराच्या संदर्भात एक टिपण

'सनद' हा शब्द अरबी-फारसी राजव्यवहारातून मराठीत आला. त्याच्या मुळाशी 'आधार' हा अर्थ आहे. वतनाची सनद राजसत्ता देई. वकिलीची सनद न्यायव्यवस्था देऊ लागली. दोहोंचा आधार देणाऱ्याच्या अधिकारक्षेत्रापुरताच पोहोचतो, आणि क्षेत्राबाहेर सनदधारकाचे स्थान काय, हा प्रश्न तेथून उद्भवतो.

त्याच्या विचारास वरोऱ्याचा परिसर विशेष अनुकूल आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला व वरोरा त्यात समाविष्ट झाले. वर्धा नदीपलीकडील वणी मात्र वऱ्हाडात, म्हणजे निझामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली दिलेल्या मुलखात होती. दक्षिणेकडील राजुरा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिले. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्याने उच्च न्यायालयाच्या पटावरील वकिलांस विस्तृत मुभा दिली. परंतु प्लीडर व मुखत्यार यांचा अधिकार दाखल्यात नमूद केलेल्या न्यायालयांपुरता मर्यादित ठेवला. निझामी राजवटीत न्यायालयांची भाषा उर्दू असल्याने राजुऱ्याकडे जाणाऱ्यास सनदेखेरीज भाषेचाही अडसर होता.

पुढे सीमा पुसट होत गेल्या. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. १९३६ मध्ये नागपूर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर वरोरा, वणी व राजुरा ही तिन्ही मुंबई राज्यात आली. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने नोंदणी राज्याच्या वकील परिषदेकडे ठेवली, तथापि कलम ३० अन्वये सर्व भारतभर वकिलीचा हक्क मान्य केला. हे कलम अमलात येण्यास मात्र १५ जून २०११ हा दिवस उजाडावा लागला! त्यानंतरही परप्रांतीय वकिलाने स्थानिक वकिलासह उपस्थित व्हावे, हा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरविला. पक्षकारास व न्यायालयास उत्तरदायी असा कोणी जवळ असावा, हा त्यामागील विचार उपेक्षणीय नाही.

२०२० च्या महामारीत दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावण्या होऊ लागल्या. वकिलाने न्यायालयाच्या गावी असण्याची निकडही कमी झाली. यावरून सनदेची सीमा मिटली असे म्हणता येईल काय? कायद्याने ती बव्हंशी मिटली आहे. परंतु तालुक्याच्या न्यायालयात साक्ष लोकभाषेत होते, आणि साक्षीदाराच्या बोलीतील एखाद्या शब्दावर जमिनीचा हक्क अवलंबून असू शकतो. नदी ओलांडणे सोपे झाले. भाषा ओलांडण्यास आजही स्वतंत्र अधिकार संपादावा लागतो, आणि तो कोणतीही परिषद देऊ शकत नाही.