अमेरिकन विद्यापीठांतील पदवी-प्रवेश (परदेशी विद्यार्थी)

अमेरिकेबाहेर बारावीपर्यंतचे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमास ज्या प्रक्रियेद्वारे प्रवेश दिला जातो, तिला परदेशी विद्यार्थ्यांची पदवी-प्रवेश प्रक्रिया म्हणतात. अमेरिकेत केंद्रीय प्रवेश परीक्षा किंवा सामाईक गुणवत्ता यादी नाही. प्रत्येक संस्था आपले निकष स्वतः ठरवते. प्रवेश, आर्थिक साहाय्य आणि व्हिसा हे या प्रक्रियेचे तीन स्वतंत्र टप्पे असून त्यांपैकी एक पार पडल्याने पुढचा निश्चित होत नाही.

अर्जाचे स्वरूप

बहुतेक विद्यार्थी 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' या सामाईक अर्जाचा वापर करतात. १९७५ मध्ये १५ खाजगी महाविद्यालयांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत आज एक हजाराहून अधिक संस्था सहभागी आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठ, एमआयटी यांसारख्या काही संस्थांचे अर्ज मात्र स्वतंत्र असतात. सामाईक अर्जात शालेय गुण, अभ्यासेतर उपक्रम आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा वैयक्तिक निबंध यांचा समावेश असतो. शिक्षकांची शिफारसपत्रे शाळेकडून परस्पर पाठवली जातात.

गुणपत्रके साधारणतः नववी ते बारावी या चारही वर्षांची मागितली जातात. महाराष्ट्रात दहावीनंतर अनेक विद्यार्थी वेगळ्या कनिष्ठ महाविद्यालयात जातात. अशा विद्यार्थ्यांना दोन संस्थांतून कागदपत्रे मिळवावी लागतात. बारावीचा निकाल प्रवेशाच्या निर्णयानंतर लागत असल्याने अंतिम गुणपत्रक मागाहून पाठवावे लागते. गुणांत मोठी घसरण झाल्यास दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

मुदती

शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात करावे लागतात. 'अर्ली डिसिजन' अर्जाची मुदत सामान्यतः नोव्हेंबरच्या पूर्वार्धात असते. हा अर्ज बंधनकारक असतो व एकाच संस्थेकडे करता येतो. 'अर्ली अ‍ॅक्शन'मध्ये निकाल लवकर कळतो, पण प्रवेश स्वीकारण्याचे बंधन नसते. नियमित अर्जांच्या मुदती बहुधा जानेवारीच्या आसपास असतात. त्यांचे निकाल सामान्यतः मार्चअखेरपर्यंत लागतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो.

चाचण्या

एसएटी (१६०० गुण) आणि एसीटी (कमाल श्रेणी ३६) या दोन प्रमुख चाचण्या आहेत. २०२० च्या महामारीनंतर अनेक संस्थांनी त्या ऐच्छिक केल्या. एमआयटीने २०२२ मध्ये ही अट पुन्हा लागू केली व नंतर इतर काही संस्थांनीही तसेच केले. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाच्या निर्णयात या चाचण्यांचे गुण विचारात घेत नाही. इंग्रजीच्या ज्ञानासाठी टोफेल, आयईएलटीएस इत्यादी परीक्षांचे गुण मागितले जातात.

आर्थिक साहाय्य

अमेरिकेच्या संघराज्य सरकारची शिक्षण-अनुदाने व कर्जे विद्यार्थी व्हिसावरील परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. त्यामुळे साहाय्य मुख्यतः संस्थेच्या स्वतःच्या निधीवर अवलंबून असते. या बाबतीत संस्थांचे दोन प्रकार आढळतात. 'नीड-ब्लाइंड' संस्था प्रवेशाचा निर्णय घेताना अर्जदाराची आर्थिक स्थिती पाहत नाहीत. परदेशी अर्जदारांनाही हे धोरण लागू करून त्यांची सिद्ध झालेली संपूर्ण गरज भागवणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट या त्यांपैकी होत. डार्टमथने २०२२ मध्ये हे धोरण स्वीकारले.

बहुसंख्य संस्था 'नीड-अवेअर' असतात. तेथे साहाय्याची मागणी परदेशी अर्जदाराच्या निवडीवर परिणाम करू शकते. साहाय्य न मागता प्रवेश घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील वर्षांत ते मागता येत नाही, असा अनेक संस्थांचा नियम आहे. म्हणून खर्चाचा हिशेब अर्जापूर्वीच करणे आवश्यक ठरते. कौटुंबिक उत्पन्न व मालमत्तेची माहिती देण्यासाठी अनेक खाजगी संस्था 'सीएसएस प्रोफाइल' हा अर्ज वापरतात. गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्त्या काही संस्था देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसह आयव्ही लीगमधील संस्था मात्र केवळ गरजेवर आधारित साहाय्य देतात.

आय-२० आणि व्हिसा

प्रवेश स्वीकारल्यानंतर किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. त्यानंतर संस्था 'आय-२०' हे प्रमाणपत्र देते व त्याच्या आधारे एफ-१ व्हिसासाठी अर्ज करता येतो. १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार, आपला हेतू कायमच्या स्थलांतराचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. व्हिसा नाकारला गेल्यास पुन्हा अर्ज करता येतो. शिक्षण सुरू असताना परिसरातील नोकरी सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते. त्यामुळे त्या उत्पन्नातून शिक्षणाचा संपूर्ण खर्च भागवणे सामान्यतः शक्य नसते.